न्यू जर्सीत सीएनएचं काम: कोणी प्रत्यक्ष केलंय का?

अळूवडी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मूळची सांगलीची, एम.कॉम. लग्नाआधी पतसंस्थेत नोकरी केली. इकडे आल्यावर एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) घरी, दोन मुलं. नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी करते तो अर्ज) मंजूर झालं तेव्हा मलाही ईएडी (काम करायचा परवाना) मिळालं, पण तोवर गॅप एवढी लांबली होती की रेझुमे पाठवायचा आणि विसरून जायचं, पलीकडून हूं की चूं नाही. आता वय ४१, धाकटा मिडल स्कूलला.

झालं असं की शेजारच्या इटालियन आजी खुब्याचं हाड मोडून रिहॅबला होत्या. मी अधूनमधून जायचे. तिथली सीएनए (सर्टिफाइड नर्स एड, म्हणजे रुग्णांना उठवणं, धुणं-पुसणं, भरवणं करणारी) हैतीची होती, चणीने माझ्याहून लहान. तिने आजींच्या कमरेला पट्टा बांधला, त्यांचे पाय नीट टेकवले, तीन म्हटलं आणि आजी उभ्या! नवरा आणि मी दोघं मिळून त्यांना खुर्चीतून हलवू शकत नव्हतो. मला ते काम आवडलं. दया आली वगैरे काही नाही, काम म्हणून आवडलं.

काउंटी कॉलेजात संध्याकाळचा कोर्स आहे. घरी विषय काढला. नवरा म्हणाला "बघ तुला जमतंय का" (हा सूर ज्या बायकांना माहीत आहे त्यांना माहीत आहे). आई फोनवर म्हणाली, "एम.कॉम. होऊन लोकांचं हगणंमुतणं काढायला गेलीस का तिकडे?" त्यावर मला पटकन काही बोलता आलं नाही.

तर विचारायचंय ते असं. किळस जाते का? माझी कंबर दुसऱ्या बाळंतपणापासून अधूनमधून धरते, ती टिकेल का? मी पूर्ण शाकाहारी आहे, तिथे जेवण भरवावं लागतं म्हणे. पगार साधारण किती? आणि यातून पुढे नर्सिंगकडे जाता येतं की माणूस तिथेच अडकतो?

खडूस_काका

एम.कॉम. आहात तर क्विकबुक्स (हिशेबाचं सॉफ्टवेअर) शिका आणि बुककीपिंग करा. घरबसल्या होतं, कंबरही शाबूत राहते. ४१व्या वर्षी अंगमेहनतीत पडू नये. कडू वाटेल, पण कोणीतरी सांगायला हवं.

बटाट्याचा_कीस

काका, तिला काय आवडलं ते तिने एवढं तपशिलात लिहिलंय, तो परिच्छेद उडी मारून वाचलात वाटतं.

वारणाकाठ

अळूवडी, मी करते हे काम. मध्य जर्सीतलं एक नर्सिंग होम, तीन ते अकराची पाळी. माझ्या धाकट्या जावेच्या वयाची आहेस, म्हणून सरळ अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

किळस आधी घेते, कारण लग्नाकार्यात भेटलेला प्रत्येक जण मला तेच विचारतो. जाते. सुरुवातीला वास नाकात बसतो, घरी जेवायला बसलं तरी येतोय असं वाटतं. मग कधीतरी जातो आणि गेला हेही लक्षात येत नाही. दोन पोरं वाढवलीस, तुला हे नवीन नाही. फरक इतकाच की लेकराला लाज नसते आणि मोठ्या माणसाला फार असते. म्हणून दार ठोठावून आत जायचं, पडदा ओढायचा, जेवढं धुवायचं तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी अंगावर चादर. पाणी त्यांच्या हाताला लावून विचारायचं, गरम जास्त नाही ना. पुढून मागे पुसायचं, दर वेळी कपड्याची नवी घडी. आणि हात लावायच्या आधी तोंडाने सांगायचं. परीक्षेतही हे सगळं बघतात. नुसतं स्वच्छ केलं आणि पडदा राहिला, तर चालत नाही.

माणूस दमतो तो घाईने. ते नीट समजून घे, कारण कोर्समध्ये हे कोणी सांगत नाही. करोनात इथल्या नर्सिंग होममध्ये फार माणसं गेली, त्यानंतर राज्याने कायदा केला. फेब्रुवारी २०२१पासून दिवसपाळीला ८ रहिवाशांमागे एक सीएनए, संध्याकाळी १० मागे काळजी घेणारं एक माणूस, रात्री १४ मागे एक. चांगलाच कायदा आहे. पण समज संध्याकाळी दहा जण तुझ्याकडे आहेत. जेवणाचे ट्रे आवरून साडेसहा वाजतात, साडेनऊपर्यंत सगळे अंथरुणात हवेत. म्हणजे माणशी १८ मिनिटं. त्यात बाथरूम, अंग पुसणं, कवळी काढून घासणं, कपडे बदलणं, कुशीवर नीट ठेवणं, बेलचं बटण हाताशी देणं. दहातले दोघं-तिघं होयर लिफ्टवाले (झोळीत घालून माणूस उचलणारं यंत्र), त्याला दोन माणसं लागतात, म्हणजे तू शेजारच्या हॉलमधल्या बाईची वाट बघायची आणि मग तिच्याकडे तू जायचं. त्यात कोणी कॉल आउट केलं, म्हणजे ऐनवेळी येत नाही म्हणून कळवलं, की दहाचे तेरा होतात. १८ मिनिटं कुठल्या कुठे.

आता याच १८ मिनिटांत एक माणूस बघ. पक्षाघाताने डावी बाजू गेलेले एक आजोबा. शर्ट काढताना आधी चांगला उजवा हात, घालताना आधी लुळा डावा. डावा हात खेचायचा नाही, आपला हात बाहीच्या तोंडातून उलटा आत घालायचा, त्यांचा पंजा पकडायचा आणि बाही त्यांच्या हातावर चढवायची. खांद्याखालून आधार हवाच, पक्षाघातात तो खांदा सैल झालेला असतो, ओढला तर निखळतो. उजव्या हाताने बटणं त्यांना लावायची असतात. पाच बटणं. ती लावायला त्यांना किती वेळ लागतो ते तू बघत उभी, आणि बाहेर बेल दाबलेल्यांचे दोन दिवे लागलेत. मी लावली तर अर्ध्या मिनिटात होतं. पण मी रोज लावली तर हळूहळू त्या हाताची सवयही जाते. मी बहुतेक दिवस थांबते. दिवे जास्त झाले तर खालची दोन मी लावते, वरची तीन त्यांना ठेवते. या तोडीवर आमचं दोघांचं चालतं.

कंबर. माणूस उचलायचा नसतो, हे पहिलं. आजींच्या कमरेला बांधलेला पट्टा तू पाहिलास, तो गेट बेल्ट, त्याला धरून उठवायचं. पलंग आधी आपल्या कमरेइतका वर घ्यायचा, काम करायचं, जाताना पार खाली करायचा. खुर्चीचे ब्रेक लावायचे, मग उठवायचं. केअर प्लॅनमध्ये 'दोन माणसं' लिहिलं असेल तर दोनच. मी ज्यांच्या कंबरा गेलेल्या पाहिल्या त्या बायका अशक्त नव्हत्या, चांगल्या दणकट होत्या. दुसरीची वाट न बघता एकटीने उचलायच्या. तुझी आधीच धरत असेल तर भरती व्हायच्या आधी फिजिओकडे जाऊन ये. हे मनापासून सांगते, नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

जेवण. हो, भरवायचं असतं, त्यात बीफ असतं, टर्की असते, वाटून केलेल्या गोळ्याच्या रूपात असते. वास येतो. माझे सासरे माळकरी, मला वाटलं होतं घरात महाभारत होणार. ते म्हणाले, भुकेल्याला घास देतेस, तू खात नाहीस ना? विषय तिथेच मिटला. पण एखादीला नसेल जमत तर त्यात कमीपणा नाही, आधीच ओळखून घे. शिकायचं आहे ते वेगळंच: आपण बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर, त्यांना ताठ बसवून, अर्धा चमचा, आणि गिळलं की नाही हे गळ्याकडे बघून मगच पुढचा. गालात साठवून ठेवणारे असतात. पाणीसुद्धा काहींना घट्ट करून द्यावं लागतं, पातळ पाणी फुप्फुसात जातं. जेवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही.

पगाराचं खोटं सांगत नाही. जर्सीत नर्सिंग होममध्ये थेट काळजी घेणाऱ्यांना राज्याच्या किमान वेतनापेक्षा तासाला ३ डॉलर जास्त द्यावे लागतात. २०२५ साली किमान १५.४९ होतं, म्हणजे १८.४९च्या खाली कोणी देऊ शकत नव्हतं. संध्याकाळ-रात्र आणि शनिवार-रविवारचे थोडे वर मिळतात. नवऱ्याच्या पगाराशेजारी ठेवून बघू नकोस, रडू येईल. स्वतःच्या खात्यात येतात, इतकंच बघ.

अजून एक. दुपारी चार-साडेचारनंतर, विशेषतः थंडीत लवकर अंधारतं तेव्हा, स्मृतिभ्रंशवाल्यांची घालमेल सुरू होते. आमच्याकडे एकीला रोज त्या वेळी मुलांना शाळेतून आणायचं असतं. मुलं आता साठीची आहेत. सुरुवातीला सगळ्या नवीन मुली समजवायला जातात की अहो आजी, तुमची मुलं मोठी झाली. मग ती रडते, कधी मारते. मी विचारते, कुठल्या शाळेत आहेत? बस येते का? सांगता सांगता ती माझ्याबरोबर टॉवेलच्या घड्या घालत बसते. फार छान घड्या घालते, माझ्यापेक्षा सरस.

इंग्रजीची काळजी करू नकोस. माझ्या पाळीत हैती, घाना, फिलिपिन्स, जमैका सगळं आहे, उच्चार कोणाचाच 'अमेरिकन' नाही. आणि या भागातल्या काही होममध्ये गुजराती आजी-आजोबा बरेच असतात, वेगळं शाकाहारी जेवणही असतं. तिथे तू लागलीस की हिंदी-गुजराती-मराठीचं भाषांतर फुकटात तुझ्या गळ्यात. त्याचा भत्ता मागितला तर हसतात. मी मागून पाहिलाय.

निळा_स्क्रब

वारणाकाठ ताईंनी काही बाकी ठेवलं नाही. मी मुंबईत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, इकडे येऊन एनसीएलईएक्स (नर्सच्या परवान्याची परीक्षा) दिली, आता हॉस्पिटलमध्ये आरएन (रजिस्टर्ड नर्स). कागदपत्रांच्या बाजूने थोडी भर घालते.

टीबीची चाचणी लागेल. आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेलं असतं, त्यामुळे हातावरची त्वचेची चाचणी बरेचदा पॉझिटिव्ह येते आणि मग एक्स-रे, फेऱ्या, सुरुवात लांबते. आधीच सांगा की बीसीजी झालंय, क्वांटिफेरॉन रक्तचाचणी करा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर, कांजिण्या, हेपटायटिस बी यांचे पुरावे मागतील. सांगलीच्या लसीच्या पिवळ्या पडलेल्या कार्डाचा उपयोग होईलच असं नाही, रक्तातल्या अँटिबॉडी तपासून घेणं सोपं. बोटांचे ठसेही होतील.

कोर्स. १९८७च्या केंद्रीय कायद्याने किमान ७५ तास ठरवलेत, त्यातले १६ प्रत्यक्ष सरावाचे. जर्सीत ९० लागतात, ५० वर्गात आणि ४० रहिवाशांबरोबर. होम हेल्थ एडचं सर्टिफिकेट वेगळं, ७६ तासांचं, नर्सिंग बोर्डाकडचं. सीएनए आरोग्य खात्याकडे. जाहिरातीत दोन्ही एकाच फोटोखाली छापतात, पैसे भरायच्या आधी नेमकं कुठलं ते विचारा. नर्सिंग होमला सीएनएच लागतं.

आणि पैसे भरायची घाई करू नका. मेडिकेअर-मेडिकेड (सरकारी आरोग्य योजना) घेणाऱ्या नर्सिंग होमने तुम्हाला आधी नोकरीत घेतलं असेल, तर प्रशिक्षणाचे आणि परीक्षेचे पैसे ते तुमच्याकडून घेऊ शकत नाहीत. तुम्ही स्वखर्चाने केलं आणि १२ महिन्यांच्या आत अशा होममध्ये लागलात, तरी टप्प्याटप्प्याने परतफेड मिळते. पावत्या जपून ठेवा. हे कोणी आपणहून सांगणार नाही, आपण मागायचं. हॉस्पिटल, असिस्टेड लिव्हिंगला हा नियम नाही.

पुढे नर्सिंग? जाता येतं. अनॅटॉमी-फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे प्रीरेक्विझिट (प्रवेशाआधी करायचे विषय) कॉमर्सवालीला पहिल्यापासून करावे लागतील, एम.कॉम.चे क्रेडिट त्यात कामाला येणार नाहीत. मग असोसिएट डिग्रीची दोन वर्षं. सीएनए असल्याने कोर्स कमी होत नाही. पण आमच्याकडे नवीन आलेल्या नर्सेसमध्ये आधी सीएनए केलेली कोण, हे पहिल्या पाळीत कळतं. ती पेशंटच्या अंगाला हात लावायला बिचकत नाही. सहा महिने नर्सिंग होम करून मग हॉस्पिटलमध्ये टेक (नर्सची मदतनीस) म्हणून अर्ज करा, तिथे बरीच हॉस्पिटलं शिक्षणाचा काही खर्च देतात.

मुंबईत आमच्या वॉर्डात हे सगळं मावशी करायच्या आणि आम्ही नर्सेस त्यांच्यावर ओरडायचो. कुठली मावशी कुठल्या जातीची हेही सगळ्यांना माहीत असायचं. तुमच्या आईच्या वाक्यात तेही आहे, त्यांना ते जाणवत नसेल. असो, विषयांतर होईल.

खडूस_काका

बटाट्याचा_कीस यांचं बरोबर, मी घाईत वाचलं होतं. आता उपयोगाचं सांगतो. ईएडीच्या तारखेकडे लक्ष ठेवा. पूर्वी रिन्यूअलचा अर्ज वेळेत टाकला की आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५पासूनच्या अर्जांना ती बंद झालीय. कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही तर कामावर जाता येणार नाही, मालकाची इच्छा असली तरी. आणि सीएनएचं असं ऐकून आहे की फार काळ काम केलं नाही तर सर्टिफिकेट जातं. खरं का?

वारणाकाठ

खरंय काका. सलग २४ महिने पगारी काम केलं नाही तर पुन्हा प्रशिक्षण किंवा परीक्षा. काही महिन्यांच्या खंडाने काही होत नाही.

सदाशिवातली

अवांतर आहे, पण विचारल्यावाचून राहवत नाही. मी पुण्यात, आई अंथरुणाला खिळून आहे. ब्युरोकडून बाई येते, चांगली आहे, पण तिला कोणी काही शिकवलेलं नाही. आईच्या माकडहाडापाशी लाल झालंय. बाई स्पिरिट आणि पावडर लावून चोळते, आणि आम्ही मधे भोक असलेली गोल उशी आणलीय. बरोबर चाललंय का?

वारणाकाठ

सदाशिवातली, आधी चोळणं बंद करा. लाल झालेल्या जागी चोळलं की आतलं आणखी फाटतं. गोल उशीही काढा, ती कडेने दाबते आणि मधल्या भागाचं रक्त कमी करते. आता बोटाने तो लाल भाग दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर बरं. दाबल्यावरही लालच राहिला तर ती बेडसोअरची पहिली पायरी, आजच डॉक्टरांना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही कधीकधी, मग हाताला गरम लागतंय का, टणक किंवा लिबलिबीत लागतंय का ते बघायचं.

दर दोन तासांनी कूस बदला. पार ९० अंशात कुशीवर नको, खुब्याचं हाड टोचतं. पाठीमागे उशी खुपसून थोडं तिरकं, ३० अंशाच्या आसपास. पोटऱ्यांखाली उशी घाला म्हणजे टाचा अधांतरी राहतील, टाचांकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि त्या पटकन जातात. वर सरकवताना ओढू नका, खाली दुमडलेली चादर घालून दोघींनी चादर धरून सरकवा. ओलं राहू देऊ नका. हे बाईला रागावून सांगू नका, एकदा स्वतः तिच्याबरोबर करा.

सदाशिवातली

खूप आभार. दाबून बघितलं, पांढरं पडतंय. उशी काढली. डॉक्टरांनाही फोटो पाठवलाय.

अळूवडी

सगळ्यांचे आभार, काकांचेसुद्धा. निळा_स्क्रब, ते आईच्या वाक्याबद्दलचं वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. खरं आहे. आमच्या घरी हे कधी कोणी मोठ्याने बोललं नाही इतकंच.

फिजिओची वेळ घेतलीय. घराजवळच्या तीन नर्सिंग होमना फोन केले, दोघांकडे 'आधी नोकरी, मग ट्रेनिंग' असं आहे. एकाने मुलाखतीला बोलावलंय. वारणाकाठ ताई, तिथे काय विचारू? पगार सोडून.

वारणाकाठ

पगार सोडून नाही, पगारही विचार. पण आधी विचार की माझ्या पाळीला एका सीएनएकडे किती रहिवासी असतात. उत्तर देतील "कायद्याप्रमाणे". मग विचार, मागच्या रविवारी किती होते? रोजचे आकडे दर्शनी भागात लावावे लागतात, आत जाताना भिंतीवर तो कागद शोध आणि मुलाखतीआधी वाचून ठेव.

होयर लिफ्ट किती आहेत आणि त्यांच्या बॅटऱ्या चार्ज केलेल्या कुठे असतात ते दाखवा म्हण. बॅटरी शोधायला पाच मिनिटं लागली तर समज की तिथल्या बायका हाताने उचलतात. नवीन आलेलीला किती दिवस दुसरीच्या बरोबर ठेवतात तेही विचार. दोन पाळ्यांवर सोडून देणार असतील तर दुसरं होम बघ.

आणि जमलं तर संध्याकाळी पाचच्या सुमाराला वेळ माग, सकाळी दहाला नको. दहाला सगळं चकाचक असतं. पाचला डायनिंग रूमच्या दारात दोन मिनिटं उभी राहा आणि भरवणाऱ्या बायका बसून भरवतायत की उभ्याने, ते बघ.

बूट घेताना अर्धा नंबर मोठा घे, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. कापडी नको, पुसता येतील असे घे. का ते कळेल.